कोरड्या तळ्यात पतंग

माझं नाव माणिक. माणिक विठोबा सूर्यवंशी, पण औशात ह्या नावानं विचारलात तर कुणी घर दाखवनार न्हाई, वायरमनचं घर कुठं मनून विचारायचं. मूळ आमचं औशापासून पायी चालत यायच्या अंतरावरचं खेडं, बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी, आन घरातले देव जाऊन भिंतीवर बुद्धाचं चित्र आलं तवा मी रांगत व्हतो असं माय सांगायची. बापाचं एकच मननं, रानात कामाला जायचं न्हाई, शाळंत जायचं. मी शाळंत गेलो, लई काय दिवे न्हाई लावले, पण लाईनीवर चिकटलो. खांबावर चढायचं काम. माय रडली, मनली ह्याच्यासाठी शिकवलं का तुला, झाडावर तर तू आधीबी चढत व्हतास.

आता काय सांगू तुम्हाला, खांबावर चढनाऱ्या मानसाला पतंग म्हंजी काय चीज हाय. बाकीच्यांची संक्रांत तिळगुळाची, माझी शिडीची. सगळं गाव गच्चीवर आन मी खांबावर, तारंत अडकलेले पतंग काढायलो. एक काढला की खालून लेकरं वरडायची, मामा त्यो लाल बी, मामा त्यो शेपटीवाला बी. जसं काय मी बोरं पाडायलो. लई वैताग. लगीन ठरवताना मी एकच अट घातली व्हती, हुंडा नको, पण पोरगी शांत पायजे.

पोरगी मिळाली देगलूरची. नाव रुक्मिन. तिकडं देगलूरला तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू सगळं एका ताटात वाढत्यात, तवा ही एका वाक्यात चार भाषा बोलायची आन मला मधली एकच कळायची. शांत व्हती, हाव, लग्नापासून संक्रांतीपर्यंत. संक्रांतीला मी आपला खांबावर, बाजारगल्लीत, आन बगतो तर समोरच्या गच्चीवर माझीच बायको, पदर कमरंला खोचलेला, हातात दोऱ्याची चक्री, आन गल्लीतल्या गड्यांचे पतंग ही सपासप काटायली. खाली माणसं हसायली, मनायली वायरमन, घरचीच हाय का वं? मी वरून मनलं उतर. ती मनली, तुमी आधी उतरा, तुमच्या खांबामुळं मला ढील देता यीना. दिवसभर तोंड फुगवून बसलो. संध्याकाळी तिनं शेंगाची पोळी केली, मग मी बोललो.

तर आता मूळ गोष्ट. लातूर जिल्हा नवा झालता तवाची. त्याच्या आधी आमी उस्मानाबादेत व्हतो, कागदासाठी, कोर्टासाठी तिकडं पळावं लागायचं. जिल्हा झाला, लोक खूश, पण नेमका पाऊस रुसलेला. बहात्तरचा दुष्काळ मी बगितलाय, त्याच्याइतका न्हाई, पण व्हता. गावाबाहेरचं तळं पार आटलं. माणसं खडी फोडायला जायची, बाया घागरी घिऊन रांगंत. पाण्याची मोटार एकाच लाईनीवर चालायची, ती लाईन तळ्याच्या मावळतीच्या अंगानं, सडकंच्या कडंनं गेलेली. ती लाईन गेली की सगळं गाव तहानलेलं.

आन त्या साली संक्रांतीच्या आधी काय झालं, आमच्याच आळीतला दिलीप, कालेजात जानारा धडधाकट गडी, त्यानं तारंतला पतंग काढायला लोखंडी गज घातला. गच्चीवरून फेकला गेला, खाली कडब्याची गंजी व्हती मनून वाचला. हात भाजला. मी फ्यूज काढून पळत गेलो, त्याला उचललं, तर शुद्धीवर आल्याआल्या मला मनतो कसा, मामा, पतंग निघाला का? मला एक ठिवून द्यावी वाटली बगा, पण भाजलेला मानूस, कसं मारावं.

मग तहसीलीत बैठक बसली. कुणी मनलं पतंग बंद करा. कुणी मनलं मांजानं मास्तरच्या नाकाला चिरा पडलाय, ते बी लिहून घ्या. मास्तर तिथंच बसलेले, नाकाला पट्टी. तहसीलदार साहेब समजदार मानूस, ते मनले, दुष्काळात लोकांना हसायला दुसरं काय हाय? आन बंद केलं तर चोरून उडवतेत, मग आनखी घोळ. तारा नाहीत अशी जागा कुठंय सांगा. आन माझ्या तोंडातून निघून गेलं, तळं. कोरडं पडलंय, मोठं मैदान हाय, मधी एक बी खांब न्हाई. सगळ्यांनी माझ्याकडं बगितलं. माझे साहेब, लाईनीचे, ते मनले, वा माणिक, मग इंतजाम तूच कर. जिल्ह्याचे मोठे साहेब बी येतेत बगायला. कुनाला काय झालं, न्हाईतर ती मोटारीची लाईन गेली, तर तुझी जिम्मेदारी. ध्यानात ठिव. मला पतंगाची कन्नी बांधता येत न्हवती, खरं सांगतो. मला निस्ते काढता येत व्हते.

घरी आलो, रुक्मिनीला सांगितलं. ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी जळाली. मग डोळे पुसले आन मनली, चला, तळं दाखवा.

तळ्यात गेलो तर चिखल वाळून ह्या एवढाल्या भेगा. माझा पाय गुडघ्यापर्यंत आत. ती मनली, हे बगा, पतंग उडवनारा वर बगतो, खाली न्हाई, ह्या भेगांत पाय मोडतील. खडी फोडायला जानाऱ्या बायांना तिनंच गोळा केलं, मनली, दुपारच्याला या, मुरूम टाका, संक्रांतीला तुमाला बी पतंग दिऊ. बाया मनल्या, खडी फोडून हात दुखायलेत बाई, पतंगाची दोरी तर वडू. आल्या. गाळाचा एक खड्डा व्हता, त्याला बाभळीचं कुंपन घातलं. मग तिचे नेम सुरू झाले. मांजा बिलकुल बंद, साधा दोरा. चमकीचा कागद बंद, तो तारंला लागला की घात. बोटाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालायचे. वारं उगवतीचं, मनून उगवतीच्या कडंला, लाईनीपासून लांब, फक्कीची रेघ मारायची, उडवनारे सगळे रेघंवर, हात लांब केला तर शेजाऱ्याला लागू नये एवढं अंतर, आन वाऱ्याकडं पाठ. बगनारे त्यांच्या मागं. पतंगाखाली कुत्रं बी जायचं न्हाई. मी मनलं, आन मी काय करू? मनली, शिट्टी वाजवा, पयलीला पतंग सोडायचे, नंतर कवाबी वाजली की सगळ्यांनी जागंवर थांबायचं. तुमाला वरडायची सवय हाय.

किल्ल्याकडं गफूरचाचा राहायचे, पतंग करायचे, दाढी पांढरी, बोटं सदा खळीनं चिकटलेली. त्यांच्या डोक्यात कल्पना आली, मनले, वायरमनसाब, नया जिल्हा आया है, आसमान में नाम लिख देंगे. पाच पतंग, माणसाच्या उंचीचे, जाड दोऱ्यावर, एकेकावर एक अक्षर. जि, ल्हा, ला, तू, र. मी मनलं चाचा, हे वर जाऊन सरळ उभे राहतील का? चाचा मनले, अल्ला की मर्जी. आता असल्या मर्जीवर माझी नोकरी.

एकदा तालीम घेतली. सगळे रेघंवर उभे, मी शिट्टी फुंकली, आन पतंग उठायच्या ऐवजी भुईवर लोळायले. रुक्मिन वर बगून जोरात मनली, गाली लेदू! मी चारचौघात ऐकून घेनार का? मी मनलं, मी काय केलं, मला कामून गाली देतीस? ती मनली, आवं, गाली म्हंजी वारं, आमच्या तेलुगूत. वारं न्हाई असं मनायलेय मी. गफूरचाचा मनले, बेटा, शादी को कितने साल हुए?

संक्रांतीला सकाळी जत्राच जमली. लातूरकडच्या मुरुडहून बैलगाड्या भरून माणसं, औशातल्या आळ्याच्या आळ्या रिकाम्या. दिलीप बी हाताला पट्टी बांधून आला, त्याला मी पानी वाटायला बसवला, मनलं वर बगायचं न्हाई, घागरीत बगायचं. आन मोठ्या साहेबांचा मंडप बगतो तर काय! मंडपवाल्यानं मंडप घातलेला मावळतीला, सडकंच्या जवळ, गाड्या लावायला सोयीचं मनून. म्हंजी सगळे पतंग नेमके साहेबांच्या डोक्यावर. मी मंडपवाल्याला मनलं हलीव. तो मनला, कापडाला आता हात लावनार न्हाई, वारं तिकडून इकडं न्या. तेवढ्यात जीप आली. मी घाबरत जाऊन साहेबांना सांगितलं, साहेब, हितं बसलात तर पतंग पडले की डोक्यावर पडतील, आन उडाले तर उलट्या अंगानं दिसतील. साहेब तरुण मानूस, त्यांनी आपली खुर्ची स्वतः उचलली आन चालायला लागले. मग काय, सगळ्या पुढाऱ्यांना खुर्च्या उचलाव्या लागल्या. सगळं तळं बगायलं, शाली घातलेली माणसं डोक्यावर खुर्च्या घिऊन रांगंनं चाललीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रम हाच हाय.

मग भाषणं. वारं छान सुटलेलं, आन एक पुढारी बोलायलेत, बोलायलेत, जिल्हा कसा झाला ते निजामापासून. ते थांबले तवा वारं बी थांबलं. मी शिट्टी फुंकली, पतंग काय हलंना. सगळं तळं गपगार, साहेब घड्याळाकडं बगायलेत. आन त्या शांततेत माझी बायको हात वर करून वरडली, गाली! गाली वच्चिंदी! साहेबांनी दचकून माझ्या साहेबांना विचारलं, ह्या बाई कुनाला शिव्या द्यायल्या? माझे साहेब मनले, नवऱ्याला असंल, ते त्यांचं चालू असतंय. पन खरंच वारं आलतं हो. सगळ्या रेघंनं दोरे वडले, आन काय सांगू तुम्हाला, रंगीत कागदांनी आभाळ भरून गेलं. लाल, पिवळे, निळे, खडीवरच्या बायांचे, म्हाताऱ्यांचे, पोरासोरांचे. आन मधी पाच मोठे पतंग, सरळ रांगंत, जिल्हा लातूर. माणसं वाचायली. ज्यांना वाचता येत न्हाई ते शेजाऱ्याला विचारायले. गफूरचाचा रडले. मी बी, पन मी धूळ गेली मनलं.

मग वाऱ्याला मस्ती आली. ला चा पतंग डुलत डुलत निघाला, तू च्या वरून, र च्या पलीकडं जाऊन उभा राहिला. सगळं आभाळ वाचायलं, जिल्हा तूर ला. मुरुडचा एक म्हातारा मोठ्यानं मनला, तूर ला? व गळाला वाटतं, तूर लाव मनायलेत! दुसरा मनला, सरकारला सांगा आधी पानी आना, मग लावू तूर! हासून हासून माणसं फक्कीवर बसली. साहेबांच्या डोळ्यांतून पानी.

पन मी हसत न्हवतो. ला चा दोरा बाकीच्यांच्या दोऱ्यांवर घासायला, आन साधा दोरा बी घासून घासून तुटतो. तुटला. ला सुटला, मागं लांब दोरा फरफटत, आन सरळ मावळतीला, त्या लाईनीकडं. माणसाएवढा पतंग, त्याच्या बांबूच्या कामट्या. तारंत गुंतला तर दोन तारा एकमेकीला टेकनार, फ्यूज जानार, मोटार बंद, आन सनाच्या दिवशी सगळं गाव कोरडं. मी पळत सुटलो. शिट्टी तोंडात तशीच, प्रत्येक श्वासाला वाजायली, आन शिट्टी वाजली की थांबायचं हा नेम, तवा जिथं जाईन तिथं माणसं थांबायली आन मला वाटंत आडवी! मग मुरूम न टाकलेल्या जागंत पाय गेला भेगंत, आन मी तोंडावर.

पडल्यापडल्या बगितलं. रुक्मिनीनं आपल्या पतंगाला ढील सोडली, सोडली, सोडली, चक्री हातात भिंगरीसारखी फिरायली, तिचा एवढासा पिवळा पतंग त्या ला च्या पुढं गेला, एक गोता मारला, सुटलेल्या दोऱ्याभवती गिरकी घेतली, आन एक, आन आनखी एक. गुंडाळला. मग तिनं वडायला घेतलं. ला वारं खाऊन जोरात, ती एकटी, पाय घसरायलेत. खडीवरच्या बाया धावल्या, तिच्या कमरंला मागून धरलं, एकीमागं एक, रस्सीखेच असती तशी. आन तो ला, लाईनीच्या अलीकडं, मान वळवली बगा त्यानं, आन आला खाली. तळ्यात असा आवाज उठला की सडकंवरची यष्टी थांबली, डायवरला वाटलं काय झालं.

मी लंगडत गेलो. तिच्या बोटांवरची ट्यूब फाटून रगत आलतं. मी बोलायला गेलो तर निस्ती शिट्टीच वाजली. ती मनली, शिट्टी काढा आधी तोंडातली.

मोठ्या साहेबांनी तिला नमस्कार केला, वारं कसं वळखता ते विचारलं, आन स्वतः पतंग उडवायला घेतला. साहेबांचा पतंग काय उठला न्हाई. तीन वेळा आपटला. शेवटी ते मनले, बाई, मला बी एक तेलुगू शब्द शिकवा.

त्या दिवशी कुनाला खरचटलं बी न्हाई, माझा गुडघा आन रुक्मिनीची बोटं सोडून. संध्याकाळी बायांनी आन पोरांनी सगळा दोरा येचला, पाखरांच्या पायात जाऊ नये मनून, तो बी रुक्मिनीचाच नेम. मग दर संक्रांतीला तळ्यात पतंग व्हायला लागले. दुसऱ्या वर्षी उदगीरची माणसं आली. तिसऱ्या वर्षी मी बी उडवायला शिकलो, शिकलो म्हंजी, ती उडवून द्यायची, मी धरून उभा राहायचो.

आन मग एका वर्षी पाऊस पडला. असा पडला, असा पडला, तळं काठोकाठ. आमचं मैदान पान्याखाली, फक्कीची रेघ पान्याखाली, कार्यक्रम बुडाला. मी आयुष्यात लई कार्यक्रम बंद पडलेले बगितले, भांडनानं, पैशानं, राजकारनानं. पन बंद पडला मनून सगळ्या गावानं पेढे वाटले, असा हा एकच. गफूरचाचा काठावर उभे राहून मनले, वायरमनसाब, इस से अच्छा क्या होगा. ते आता न्हाईत. दिलीप लातूरला मास्तर हाय, रिटायर व्हईल आता.

मी खांबावरून उतरलो त्याला लई वर्स झाली. पोरगा पुण्याला बोलवतो, जाऊन आलो, वरच्या मजल्यावर घर, समदं छान, पन दिवसभर कुनी हाक मारंना. हितं सकाळपासून दहा जन इचारत्यात, मामा, लाईट कामून गेली. मी काय देनार लाईट, पन इचारत्यात, बरं वाटतं. रुक्मिनीच्या डोळ्याचं आपरेशन झालंय, तिला आता माझ्यापेक्षा लांबचं दिसतं, आन जवळचं मी सांगतो. चाललंय. कुनाची तक्रार न्हाई. तुमच्या लेकराबाळांचं बरं व्हवो, पाऊसपानी येळेवर व्हवो. उठू नका एवढ्यात. ती आत भाकरी थापायलीय, तुमाला तसंच जाऊ दिलं तर मला रात्री जेवाय मिळनार न्हाई.