शेवटची ओळ

मूर्ख मीच, अगं – तू उठू नकोस, बस, तो हेडफोन तेवढा काढ – तर सर्व्हर मला आत घेत नाहीये. मला! सकाळी घरून तीनदा बघितलं, तिन्ही वेळा ‘परवानगी नाही’. अठरा वर्षं या लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट सांभाळतेय मी! आता दहाला डॉक्टरीणबाई येणार, कालचे रिपोर्ट का अडकले विचारणार – आणि कुणाला विचारणार? तुला. हल्ली माझ्या टेबलाला वळसा घालून जातात त्या, वाटेत खांब असल्यासारखा. नाही, मला काही वाटत नाही. मला कशाला वाटेल? पासवर्ड बंद करायचं डोकंही माझंच, बरं का – लोक मॉनिटरला चिठ्ठ्या चिकटवायचे पासवर्डच्या! म्हटलं, बास. खाजगी किल्ली आपापल्या लॅपटॉपमध्ये, तिची जोडीदार पब्लिक किल्ली सर्व्हरवरच्या यादीत. यादीत ओळ असेल तोच आत, बाकीच्यांनी रिपोर्ट माझ्याकडे मागायचे. सात वर्षं त्या यादीत एकच ओळ होती. माझी. मग तू आलीस, आणि माझ्याच खुर्चीत बसून दुसरी टाकलीस – ‘तुम्ही कशाला त्रास घेता, ताई’.

तर काल मी यादी साफ करायला घेतली. साफ म्हणजे – दोन ओळींत साफ काय करणार, डोंबल! अगं, बाई तुला म्हणाल्या ना, ‘तू आल्यापासून किती निवांत वाटतं’? मी तिथेच उभी होते, हातात त्यांचाच कप. आले तशी जागेवर गेले नि शेवटची ओळ खोडली. वाचली नाही – कीबोर्डवरून मांजर गेल्यासारखी ती अक्षरं, कोण वाचतंय? नवीन माणूस शेवटीच असणार की! आणि तू स्वतःची वर टाकलेलीस. माझ्या डोक्यावर! एकच दिवस खोडणार होते गं, शप्पथ. तू धावत आली असतीस, ‘ताई, बघा ना’ करत, मी चष्मा पुसत सावकाश उठले असते… जाऊ दे. ही माझी पब्लिक किल्ली, पेनड्राइव्हवर आणलीये. टाक बाई यादीत. खाली टाकलीस तरी चालेल. फक्त बाईंना काही –

“ताई, बॅकअपमधून तुमची ओळ आल्याआल्याच परत टाकलीये. वरती. रिपोर्टपण पाठवून झाले.”