यान बारा सौ दो

नाही, मले एक सांगा मंडळी, सातशे माणसं... एका जहाजात सातशे माणसं, आन जहाज काही पाण्यात नाही, आभाळात! चांदण्याईच्या मधातून चाललं ते, वर्षामागून वर्षं चाललं, त्यात कप्तान आहे, डॉक्टर आहे, तीन डोळ्याची एक इंजिनियर बाई आहे, हिरव्यागार कातडीचा एक पाहुणा आहे, तो कोणत्या तरी ग्रहावरून आला आन परत जायचं नाव घेत नाही... सगळं कबूल! पण सातशे माणसाईच्या पोळ्या कोण लाटते? दाखवा ना! शंभरावर भाग पाहून बसलो मी, एका भागात पोळपाट दिसला नाही मले!

पोरीले विचारलं. अनुश्री, माझी एकुलती एक, बँकेत आहे, मराठी सगळी समजते पण तोंड उघडलं की हिंदी. म्हणते, "पापा, उसमें मशीन से खाना निकलता है।" म्हटलं निघत असन बाई, पण वाढते कोण? "पापा, आप चुपचाप देखो ना।"

आता चुपचापच पाहून राहिलो ना मी! पाच महिने झाले, रोज दुपारी दोन ते तीन, पासष्ट वर्षाचा माणूस, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, तात्यापाऱ्यात, पारा म्हणजे आमच्याकडं मोहल्ला, ज्याले लोक अजून बाबारावजी म्हणून नमस्कार करतात, तो माणूस डोळे फाडून पाहून राहिला की हिरव्या पाहुण्याचं लग्न जमते का! कोण पाहते असं? कोणी नाही पाहत! पण काय करता, कावळ्याले शब्द देल्ला!

हसू नका. सांगतो.

आमची वनमाला गेली. चैतात गेली. दहाव्याले महादेव घाटावर बसलो आम्ही, खारून नदीच्या काठी, हरिदास गुरुजींनं पिंड मांडले, आन आता कावळ्याची वाट. कावळे होते हो! पिंपळावर ओळीनं दहा-बारा बसले होते, पण एक खाली उतरंल तर शपथ. आता तुम्हाले माहीत आहे आपल्याकडची रीत, कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलं, मग एकेकानं पुढं व्हायचं आन शब्द द्यायचा. झाले सुरू! माझा साळा यज्ञेश्वर, नागपूरहून आलेला, हात जोडून म्हणते, "ताई, अनुश्रीचं लग्न मी लावून देईन." कावळा ढिम्म. "ताई, भाऊजींले मी अंतर देणार नाही." कावळ्यानं मान फिरवली, यज्ञेश्वरले तोही ओळखत असन! मोठी वहिनी पुढं झाली, "वने, तुझी पैठणी पोरीलेच देऊ." नाही. बाजूले एक छत्तीसगढी कुटुंब आलं होतं अस्थी घेऊन, ते आपलं काम सोडून आमचा तमाशा पाहत उभं. त्यातली एक म्हातारी म्हणते, "भैया, मिठाई रख दो, आ जाही।" मिठाईही ठेवली. ऊन चढलं, गुरुजींचं टक्कल तापलं, ते म्हणाले, "बाबाराव, दर्भाचा कावळा करू आन मोकळे होऊ."

आन मले... मले माहीत होतं, मंडळी. सगळ्याईत फक्त मले माहीत होतं की तिचं काय राहिलं. ते काय, ते सांगतो पुढं, घाई करू नका... तर मी उठलो, पिंडापुढं गेलो, आन मोठ्यानं म्हटलं, "पाहतो! तुझं ते सीरियल पाहतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहतो!"

फडफड! उतरला कावळा, आन पहिला घास नैवेद्यातल्या पुरणाचा घेतला त्यानं.

यज्ञेश्वर म्हणते, "भाऊजी, कोणतं सीरियल?" आता याले काय सांगू? यान बारा सौ दो. मीच पहिल्यांदा नाव ऐकलं तं वाटलं दुर्गहून कोणती नवी गाडी सुटली! परदेशातलं सीरियल, हिंदीत आवाज टाकलेले, केबलवर रोज दुपारी दोन वाजता. आपलं छत्तीसगढाचं नवीन राज्य झालं ना, त्याच वर्षी आमच्याकडं केबल आलं, तेव्हापासून पाहायची ती. सासू-सुनेचं नाही पाहायची हो! शेजारच्या शारदाबाई बोलवाले येत, "चला, तुळशीच्या लग्नाचा भाग आहे आज." ही म्हणे, "माझं जहाज आहे." आन मी पाराभर चेष्टा करायचो, आमची बायको अंतराळात राहते म्हणून!

आता शब्द देताना माणसानं चौकशी कराले पाहिजे का नाही? मले वाटलं असन पंचवीस-तीस भाग. अनुश्रीनं त्या टीव्हीत काय काय जोडलं आन म्हणते, "पापा, एक सौ तैंतालीस एपिसोड।" बरं म्हटलं. "ये पहली सीरीज़ है।" पहिली? "पाँच हैं। पहलीवाले कप्तान का बेटा दूसरी में कप्तान बनता है, तीसरी इन सबके पहले की कहानी है..." अगं मग तिसरी आधी काहून नाही दाखवली? "ऐसा ही होता है पापा।" पाच सीरियल! सरकारनं मंत्रालय शहरातून उचलून तिकडं नव्या राजधानीत नेलं, सडका झाल्या, पूल झाले, तितक्या वर्षात यांचं एक जहाज कुठं पोचत नाही! आन मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बसलो, तेही घाटावर, बारा माणसाईच्या समोर. कावळ्याले शब्द देल्ला!

तर बसलो. पहिले दहा भाग मी नुसता भांडत होतो. दरवाजे आपोआप उघडतात, कडी नाही, कोयंडा नाही, सातशे माणसाईत एकही चोर नाही? सगळ्या ग्रहावरचे लोक हिंदी बोलतात, आमच्या घरात पोरगी मराठी बोलत नाही! आन कप्तान... कप्तान दर भागात मरते. म्हणजे मरत नाही, मराले टेकते. सुरुवातीले अडकते कुठंतरी, शेवटी आपला खुर्चीवर बसून हसते.

वीस-बावीस भागानंतर मी अनुश्रीले म्हटलं, तुझ्या आईले यात काय दिसत होतं गं? कप्तान वाचणारच आहे, पहिल्याच मिनिटाले माहीत आहे, मग पाहायचं काय? ती भाजी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मी ने तो किसी एपिसोड का बीच का हिस्सा देखा ही नहीं पापा।"

म्हटलं, काहून?

"आप खाना खाने आते थे ना।"

दोन वाजून वीस मिनिटं. मंडळी, ऑफिस जवळच, बुढापाऱ्यात, मी स्कूटर काढायचो आन दोन वीसले ताटावर बसायचो, दोन चाळीसले उठायचो. तव्यावरची पोळी सरळ ताटात, हा माझा नियम. एक पोळी संपली की दुसरी आली पाहिजे, थांबाले नको. निवृत्त झालो, ऑफिस सुटलं, पण भूक सरकारीच राहिली, दोन वीस म्हणजे दोन वीस! ती सुरुवात पाहायची, मग उठायची, मग शेवट पाहायची. तेच भाग दोन-दोनदा, चार-चारदा लागत, पण लागत दोनलेच. कप्तान अडकला, हे तिनं पाहिलं. कप्तान वाचला, हेही पाहिलं. कसा वाचला? पोळ्या कोण लाटते, सांगा ना!

आन ताटावरून उठायचं नाही, हा दुसरा नियम. माझ्या आईचा. भरल्या ताटावरून माणसानं उठू नये, अन्नाचा अपमान होते, लक्ष्मी जाते. मी आयुष्यात उठलो नाही! राज्य झालं तेव्हा तात्यापाऱ्यात ढोल-ताशे, गुलाल, लोक ओढाले आले, "बाबारावजी, चलो!" मी आतून ओरडलो, ताटावर आहे! इंजिनियर साहेबाचा फोन आला, ताटावर आहे! अनुश्री लहानपणी पायरीवरून पडली, हनुवटी फुटली, रक्त... वनमाला धावली. मी ताटावर होतो. मोठ्या कौतुकानं सांगायचो मी हे, लग्नाच्या पंगतीत सांगायचो, लोक हसायचे...

चैतातल्या त्या दिवशीही ताटावरच होतो.

दोन पोळ्या झाल्या होत्या. तिसरी तव्यावर होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही सुरू, कप्तान अडकला होता, हवा संपत आली होती, कोणीतरी आकडे मोजून राहिलं होतं. वनमाला ओट्यापाशी खाली बसली. भिंतीले टेकली. म्हणे, "अहो, कसंतरीच होऊन राहिलं." मी म्हटलं, उन्हाळा आहे, पाणी पी. पोळी करपली. मी म्हटलं, करपली ना! ती म्हणे, "जरा जाऊन पाहा ना जी, तो कसा वाचते... पाहून सांगा ना मले." मले राग आला. खरं सांगतो, मले रागच आला. म्हटलं, कप्तान गेला खड्ड्यात, मी जेवून राहिलो! ती बोलली नाही काही. मले वाटलं रुसली. मी ताकभात कालवला. शांतपणे खाल्ला. ताटात हात धुतला. मग पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या पाच मिनिटात आणलं असतं तं... पुढं बोलले नाहीत ते. मी त्याईले सांगितलं, पडल्याबरोबर उचललं हो मी! बसलो होतो तसाच ताटावरून उठलो! यज्ञेश्वरलेही तेच सांगितलं. पाऱ्यात सगळ्याईले तेच माहीत आहे, "बाबारावजी खरकट्या हातानं धावले, पण वेळच आली होती." शारदाबाई तं हे सांगताना डोळ्याले पदर लावतात. आन पोरगी... पोरगीलेही तेच माहीत आहे.

म्हणून मले माहीत होतं कावळा काहून बसला तिथं वर.

तर मागच्या रविवारी तो भाग आला. एकशे एकोणचाळीसावा. सुरुवातीलेच ओळखलं मी, तोच आवाज, तेच आकडे. अनुश्री घरीच होती, तीही बसली बाजूले. दोन वाजून वीस मिनिटं झाली आन माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडं उठाले लागले, सवय हो! गच्च धरून बसलो खुर्चीले. म्हटलं, आज पाहतो वने. कसा वाचते, पाहतो आन सांगतो तुले.

माझी अपेक्षा काय, की मोठी लढाई होईल, तीन डोळ्याची बाई काहीतरी यंत्र बनवंल, हिरवा पाहुणा जादू करंल... काही नाही हो! कप्तान एका कोठडीत बंद, हवा संपून राहिली, कोणाले पत्ता नाही. आन तिकडं जहाजात जेवणाची खोली. पहिल्यांदा दाखवली! एकशे एकोणचाळीस भागात पहिल्यांदा! सगळे जेवून राहिले. त्यात एक साधा माणूस, नावही नाही त्याले, कोपऱ्यात बसलेला. तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहते. म्हणते, "कप्तान अब तक नहीं आए?" बाकीचे म्हणतात, आ जाएँगे, खाना खाओ. तो घास खाली ठेवते.

आन उठते.

बस. इतकंच. जाते, दरवाजा उघडते, कप्तान वाचते.

मी पाहतच राहिलो. वीस वर्षं तिले हेच पाहायचं होतं, आन हे इतकं सोपं होतं... मी रडलो. आता माणूस आहे, रडलो. अनुश्रीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आन तुम्हाले सांगतो, कधी नव्हे ते ती माझ्याशी मराठीत बोलली, तुटकं-फुटकं, "रडू नका ना पापा. तुम्ही पण तर उठलेच होते ना."

मी मान डोलावली, म्हटलं, "हव."

काय म्हणू दुसरं? तुम्हीच सांगा! "हव" म्हटलं आन डोळे पुसले. खिडकीच्या गजावर कावळा बसला होता, रोजच बसते, खरकटं टाकते ना पोरगी... त्यानं मान तिरपी करून पाहिलं माझ्याकडं, आन गेला उडून.

पहिली सीरियल झाली परवा. चार बाकी आहेत, आन पाचवी तिकडं अजून बनूनच राहिली म्हणते पोरगी, संपायचं नावच नाही. म्हणजे शेवट पाहून मरणं काही माझ्या नशिबात नाही, आन माझ्या दहाव्याले कावळा पिंपळावर बसंल तं खाली उतरणार नाही, हेही मले माहीत आहे. पण काय करता, शब्द देल्ला. चला, दोन वाजले, दुसरी लावतो. तिच्यातही जहाज आहे, नऊशे माणसं आहेत, नवा कप्तान आहे...

आन पोळ्या, त्या आता माझ्या मीच लाटतो. करपतात.