शोभाच्या विड्या

बाई, अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही, तेवढं सांभाळून घ्या. तोंडानं सांगायला गेले की माझा आवाज बसतो, म्हणून आपली हकीगत लिहा म्हणत तुम्ही दिलेल्या वहीत लिहिते.

माहेर देवळाली कॅम्पाजवळचं. लग्न होऊन सिन्नरला आले ती सासूच्या हाताखाली विड्या वळायलाच बसले. सासू गेली, मालक गेले, मी आणि माझा दिलीप राहिलो. दुष्काळ पडला त्याच्या दुसऱ्या वर्षी दिलीपची बायको आली, शोभा. काय सांगू तुम्हाला, पोरीचा हात चांगला होता. पण ती पाणी भरायला उठली की मी तिच्या सुपातल्या विड्यांचा दोरा सोडायची आणि पुन्हा वळायची. तोंडानं एक शब्द नाही. मला वाटायचं, कारखान्यात मुकादमानं खराब म्हणून बाजूला काढल्या तर मजुरी बुडेल. दोन वर्षं रोज हेच. एकदा ती हंडा घेऊन दारातच उभी राहिली, बघत.

"आई, मुकादम माझी विडी कधी बाजूला काढत नाही. तुम्हीच काढता."

मी खाली बघून वळत राहिले.

तिनं विड्या वळणं सोडलं, शिलाई मशीन घेते म्हणाली. मी बोरमाळ मोडून पैसे दिले, म्हटलं नजरेसमोर बसेल. मग कोणाचं पोलकं शिवायचं, कोणाचं नाही, तेही मीच ठरवायला लागले. दिलीप म्हणाला, आम्ही नाशकात खोली बघतो. मी म्हटलं, मशीन माझ्या पैशाचं आहे, ते इथंच राहील. शोभा म्हणाली, मशीनचे पैसे फेडते, महिन्याला वीस रुपये देईन, स्वतः आणून देईन. मशीन जीपच्या टपावर बांधून गेले. रडू आलं नाही, काहीच आलं नाही.

दर महिन्याला शोभा एस्टीनं यायची, पुढं मुलगी झाली तशी नातीलाही घेऊन. पैसे फिटायचे होते म्हणून मी हक्कानं विचारायची, भाजी काय केली, अमकीचं पोलकं का घेतलं, आणि ती साहेबापुढं उत्तर द्यावं तशी सांगायची. एकदा नातीची वेणी वाकडी दिसली, माझा हात रिबिनीवर गेलाही. पोरगी मान आखडून उभी राहिली, अगदी आईसारखी. मी हात काढून घेतला. तेव्हापासून विचारणं बंद केलं. चहा ठेवायची. ती बोलली तर ऐकायचं.

परवा शेवटचे वीस दिले. म्हणाली, आई, फिटले बघा. मी म्हटलं, हो. पुढच्या महिन्यात येशील ना, हे ओठावर आलं होतं, ते विचारलं नाही. ती स्टँडकडं निघाली, गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, मग म्हटलं, सुखी राहा. माझ्याकडून काही राहिलेलं नाही, तिच्याकडूनही नाही. पैसे पूर्ण फिटले, बाई.