‘बंद’ म्हणजे काय?

नाही नाही आप्पा, उठू नका तुम्ही, मी इथं ओट्यावरच बसते — आणि असं म्हणू नका, की चूक माझीच, मला वाचता नाही आलं. दोनदा म्हणालात. कागदावर पण तेच लिहिलंय, त्यावर तुमचा अंगठा घ्यायलाच कंपनीनं मला बहादरपूरला पाठवलं — पण राहू द्या तो पिशवीत. आधी माझं ऐका. मी प्रतिभा. तुमच्या मोटारीचं मोबाइलवालं ॲप आमच्या ऑफिसात बनतं ना, बुऱ्हाणपूरला, ते मी तपासते. टेस्टर म्हणतात. चूक सापडली की ‘बग’ म्हणून नोंदवायची. मतलब, बटण दाबलं की मोटार चालू होते का, परत दाबलं की थांबते का — दिवसभर हेच. आणि बटण कसं दिसावं, माणसाला बघताच कळतं का, हे बघणारी दुसरी, तृप्ती. डिझायनर.

तुम्ही त्या दिवशी मोबाइलवर काय बघितलं? हिरवा गोल, आत लिहिलेलं ‘बंद’. मग काय वाटलं? मोटार बंद आहे. कोणालाही हेच वाटेल, आप्पा! पण त्या ‘बंद’चा अर्थ होता — इथं दाबा, म्हणजे बंद होईल. मोटार चालूच होती. बोअरमध्ये इतकी खोल, आवाज येणार कुठून, पाणी पार पलीकडच्या केळीत पडत होतं — आणि तुम्ही ढिली वायर आवळायला स्टार्टरच्या खोक्यात, चालू करंटमध्ये हात घातला. हो, मेन खटका पाडायला हवा होता, कागदात तेही आहे. पण उठून खटक्याजवळ जावं लागू नये म्हणूनच तर आम्ही हे दिलं ना तुम्हाला? मालूकाकू, तुम्ही पण त्यांना आता बोल लावू नका. वाचायला ते चुकले नाहीत. लिहिणारे चुकले.

लिहिणारे म्हणजे — नाही, तृप्ती नाही. तेच सांगतेय. तिनं आधीच सांगितलं होतं. कागदावर पेन्सिलनं काढून माझ्या टेबलाशी आली — वर मोठ्या अक्षरात ‘मोटार चालू आहे’, खाली वेगळं बटण, ‘थांबवा’. म्हणाली, प्रतिभाताई, तुम्ही हा बग म्हणून लिहा, माझं कोणी ऐकत नाही, टेस्टरनं लिहिलं तर काम थांबतं. म्हणाली, एक दिवस चला माझ्यासोबत, चार शेतकऱ्यांच्या हातात फोन देऊ आणि नुसतं बघत बसू. एक दिवस मागत होती, आप्पा! मी काय म्हटलं? म्हटलं, तू रंग बघ, चालतं की नाही ते मी बघते. बटण दाबलं की मोटार थांबते — मग बग कुठंय? तिनं स्वतःच नोंद टाकली, तर मी खाली लिहिलं, ‘बग नाही’, आणि बंद करून टाकली.

घाई होती, हो. सोमवारी ॲप द्यायचं होतं. घाई तर होतीच — पण खरं सांगू? घाईमुळं नाही. आदल्या आठवड्यात मीटिंगमध्ये तिनं माझ्या नजरेतून सुटलेल्या तीन गोष्टी दाखवल्या, सगळ्यांसमोर, हसत हसत. आमचे वरचे योगेंद्र सर म्हणाले, वा! सहा वर्षं मी तिथं, मला कधी वा म्हणाले नाहीत. ती बोलत होती तेव्हाच मला कळलं होतं की तिचं बरोबर आहे. कळलं होतं, आप्पा. तरी लिहिलं.

मग तुमचं झालं. करंटनं तीन बोटं जळून गेल्याचं ऑफिसात कळलं, तसं सरांनी विचारलं, हा स्क्रीन कोणाचा? सगळ्यांनी तृप्तीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. मी — मी लॅपटॉपमध्ये बघत होते. तिला घरी बसवलंय. आज बारा दिवस झाले. फोन नाही, भांडण नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

येताना रिक्षात ठरवलं होतं — अंगठा घ्यायचा, केळी-बिळीचं विचारायचं, निघायचं. पण तुम्ही दारातच म्हणालात, मी अडाणी ठरलो, पोरी... हा फोन बघा. तिची नोंद, तारखेसकट. खाली माझं ‘बग नाही’. हे मी सगळ्यांना पाठवतेय, सरांना, मालकांना, तृप्तीला — आणि वर लिहिलंय, तिनं सांगितलं होतं, मी दाबलं. हं... गेलं. नोकरी जाईल बहुतेक, जाऊ दे. कंपनीचं कोणीही आलं ना, तरी अंगठा देऊ नका. कोणालाही नाही.

असं बघू नका ना आप्पा. मी सांगितलं ना सगळं? स्वतःहून सांगितलं —

काय म्हणालात? तेव्हाच तृप्तीसोबत आले असते, तर तुमच्याकडं आलो असतो का? — हो. तुमच्याच घरी आलो असतो. तिच्या चार शेतकऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तुमचंच होतं.

नाही काकू, चहा टाकू नका. आप्पा जा म्हणतायत.