कानात कापूस घालून घेतलेली पेटी

त्या दिवशी धुकं असं दाट होतं, की झरीहून परभणीला जाताना रस्ता स्वप्नातला वाटायला लागला. सून गिटार मांडीवर घेऊन शेजारी बसलेली. ती लय हळू वाजवती, अन् माझ्या बायकोला ऐकायला कमी येतं. म्हणून गिटारचा लहान ॲम्प्लिफायर, आवाज वाढवायची पेटी, घ्यायला निघालो होतो.

दुकानात सून एकेका पेटीला गिटार जोडून वाजवायली. मी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले अन् डोळे मिटून बसलो.

दुकानदार हसला. "बाबा, कानात कापूस घालून कुणी ॲम्प्लिफायर घेतं का?"

"जिच्यासाठी घ्यायचाय, तिला असंच ऐकू येतं," मी म्हणलं.

मोठ्या दोन पेट्या नुसत्या घुमल्या. सगळ्यात लहान होती, तिच्यातून मात्र एकेक तार कापसातून पाझरत आली. तीच घेतली.

घरी सून वाजवायला लागली. बायको पेटीवर हात ठेवून नुसती बसलेली. मला वाटलं, गेलं वाया. अन् हळूच ती ओवी म्हणायला लागली, कान गेल्यापासून पहिल्यांदा.

सुनेनं खुशीत पेटीचा आवाज वाढवला, तसा भिंतीपलीकडून शेजारचा शेषराव ओरडला, "दादा, ती पेटी बारीक करा, आमाला वहिनी ऐकायच्यात!"