लिबुशेच्या माशांचा फिल्टर

नाही नाही, तुम्हीच सांगा, घाणीनं पाणी साफ होतं का? होतं का कधी? आमच्या ओलोमोउत्स गावात होतं म्हणे! आमच्या खालचा, तिसऱ्या मजल्यावरचा कुबात बियरचा मग आपटून सांगतो, वर मलाच खुनी म्हणतो... अहो, मला फक्त एक फिल्टर हवा होता!

झालं काय, की आमची ही, लिबुशे, गुडघ्यांसाठी गेली तीन आठवडे गरम झऱ्यांवर. आमच्याकडे डॉक्टरच तसं लिहून देतात. बायका जातात, दिवसभर पाण्यात डुंबतात, संध्याकाळी नाचतात, आणि गुडघे बरे होतात. जा बापडी! पण जाताना दारात बॅग खाली ठेवून म्हणते कशी, "ओल्डा, घर जळालं तरी चालेल, पण अल्बीन मला जिवंत पाहिजे." अल्बीन म्हणजे मासा हो! मिशाळ, अंगठ्याएवढा, टाकीच्या तळाशी आपल्या मंडळींबरोबर नुसता बसून असतो. माझे सासरे असेच बसायचे, त्यांचंच नाव ठेवलंय. आता सासऱ्याच्या नावाचा मासा जावयाच्या हातून मेला, तर मी तोंड कुठे दाखवायचं?

आणि ती गेली त्याच दिवशी दुपारी बघतो तर फिल्टर बंद! बुडबुडा नाही, आवाज नाही. उघडला. आत स्पंज... काय सांगू तुम्हाला, गटारात पडल्यासारखा काळाकुट्ट! म्हटलं, ही बाई खिडक्या पुसते दर शनिवारी आणि हे असं ठेवते? कढत पाण्यात सोडा टाकून असा धुतला, असा धुतला, की पांढराशुभ्र. बसवला परत. तरी बंदच!

गेलो पबमध्ये कुबातकडे. तो माशांच्या क्लबचा अध्यक्ष. तुम्हाला काय वाटलं, टाळ्या वाजवल्या? "धुतलास? कढत पाण्यानं? अरे खुनी माणसा, त्या घाणीतच तर पाणी साफ करणारे जंतू असतात! मारलेस ना सगळे!" म्हटलं, बरं बाबा, मेले, आता फिल्टर कुठला घेऊ? "बाहेरचा घे! डब्याचा! टाकीखाली डबा, दोन नळ्या, संपला विषय."

विषय कसला संपतोय! जिन्यात भेटल्या दुसऱ्या मजल्यावरच्या व्रानोवाबाई. स्वयंपाकघरात ओट्यापासून छतापर्यंत नुसते मासे पाळतात, सूप कुठे करतात देव जाणे. "डबा? त्या कुबातचा? ओल्डाभाऊ, त्याचा डबा गळून माझ्या छतातून पाणी आलं होतं, माझ्या लोणच्याच्या बरण्यांवर! हवा, भाऊ, हवा! साधा स्पंज, हवेचा पंप, बुडबुडे!" हे मी कुबातला सांगितलं, तर तो म्हणतो, "बुडबुडे? तिच्याकडे मासे आहेत की सोडावॉटर?" दुकानात गेलो, तर तिथली बाई तिसरंच. "काका, काठावर टांगायचा घ्या. टाकी किती लिटरची?" मला काय माहीत? म्हटलं, टीव्हीपेक्षा लहान, पेटीपेक्षा मोठी. अहो, मला फक्त एक फिल्टर हवा होता!

मग काय करणार? कुबातबरोबर बियर प्यायची आहे, व्रानोवाबाईंचा केक खायचा आहे, दुकानातल्या बाईला नाही म्हणवत नाही... घेतले तिन्ही! लावले तिन्ही! डबा ओढतोय, टांगलेला ढकलतोय, बुडबुडे उसळतायत आणि मधे अल्बीन... सासरेबुवा धुण्याच्या यंत्रातल्या मोज्यासारखे गरगर फिरतायत! वर पाणी झालं दुधासारखं. मासे दिसेनात! खरंच घाबरलो हो.

आणि घाबरल्यावर माणूस जे येतं तेच करतो. मला माशांतलं येतं काय? नाताळचा कार्प मासा! जिवंत आणायचा, आंघोळीच्या टबात सोडायचा, नळाचं गार पाणी, दोन दिवसांनी तळायचा. माझ्या बापानं तेच केलं. तळायचं सोडून बाकी सगळं मीही केलं. अख्खी मिशाळ मंडळी टबात! तेव्हापासून रोज थोडं गार पाणी, आणि मी आंघोळीला कुबातकडे. फुकट नाही हं! मी आत साबण लावतोय आणि तो दाराबाहेर स्टूल टाकून डब्याच्या नळ्यांवर बोलतोय.

लिबुशे आली. नाचून नाचून लाल झालेली. टाकी बघितली, मासे नाहीत. माझ्याकडे बघितलं. मी बोटानं न्हाणीघर दाखवलं. गेली आत. मी बाहेर टोपी हातात घेऊन उभा. आणि मग रडण्याचा आवाज. म्हटलं, गेला अल्बीन! डोकावलो, तर ही बऱ्या झालेल्या गुडघ्यांवर बसून टबाच्या कडेला हात फिरवतेय. "ओल्डा... अंडी! किती वर्षं वाट बघत होते रे! यांना गार पाणी लागतं, मला कधी जमलंच नाही..." आणि माझा मुका घेतला. लग्नानंतर एवढा जोरात पहिल्यांदाच! मी म्हटलं, हो, तसंच ठरवलं होतं.

मग तिनं जुना फिल्टर उचलला, टबात ठेवला, तार जोडली... चालू! "अगं, पण तो बिघडला होता!" "छे! खायला घालताना मी पडद्यामागचं बटण बंद करते. त्या दिवशी निघायच्या गडबडीत बंदच राहिलं वाटतं."

बटण!!

आता पिल्लं झालीत. टब त्यांचा. हलवायची नाहीत म्हणते, अल्बीनला मानवलंय इथे. टाकी रिकामी, तिच्यावर तीन नवे फिल्टर, आणि मी अजून कुबातकडेच. शेवटी डॉक्टरकडे गेलो, म्हटलं, माझे पण गुडघे दुखतात. काडीइतकेही दुखत नाहीत हो, पण शांतपणे आंघोळ करायची आहे मला! मिळाले तीन आठवडे गरम झऱ्यांवर. बॅग भरली आणि काल तिथल्या बाईंचा फोन. "या, या, पण गरम पाण्याचा हौद सध्या बंद आहे. फिल्टर बदलायचाय, कुठला घ्यावा ठरत नाहीये."

म्हटलं, "बाई, बटण बघा. आणि जुना स्पंज तेवढा धुऊ नका."