हलका बर्फ आणि लुरलीनचं लग्न

...आणि म्हणाला काय, तर ‘शक्यता आहे’! अहो, शक्यता कशाची नाही? उद्या माझ्या खेचराला वाचा फुटेल, अशीही शक्यता आहे; म्हणून काय आज गावभर दवंडी पिटायची? पण टीव्हीवरचा तो हवामानवाला ग्रेडी... कोट काढून स्वेटर चढवला त्यानं, घरात कुणी गेल्यासारखा आवाज खाली आणला आणि म्हणाला, “शनिवारी हलका बर्फ... शक्यता आहे.” झालं! इथं दक्षिणेत, अलाबामातल्या आमच्या उन्हाच्या गावात शेवटचा बर्फ पडला तेव्हा माझी लुरलीन पाळण्यात होती, आणि आता तिचं लग्न होतं... कधी? शनिवारी!

तुम्हाला सांगतो, ग्रेडीचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या किराणा दुकानाचं दार बिजागरीतून निघायला आलं. आमच्याकडं बर्फ म्हटलं की माणूस दूध आणि ब्रेड घ्यायला धावतो. का? विचारू नका. बापानं घेतलं, आज्यानं घेतलं, म्हणून घ्यायचं! मिसेस टटवायलर, जिला दुधाचा थेंब पचत नाही, ती दोन्ही काखांत दुधाचे कॅन मारून उभी. म्हटलं, “बाई, तुम्हाला चालत नाही ना?” तर म्हणते, “नाही चालत, पण बर्फ पडतोय ना!” आता मी व्यापारी माणूस. “खरंय,” म्हटलं, “आणखी एक असू द्या.” असं हसत हसत, एकेकाच्या पोराबाळांची चौकशी करत मी अख्खं दुकान रिकामं केलं, आणि शेवटचा कॅन दाराबाहेर पडतोय तोच ओपल मावशी आत. बायकोची मावशी. लग्नाचा केक तिच्याकडं.

“हॉयट, केकचं दूध काढ.”

“मावशी... संपलं.”

“संपलं? मेल्या, पोरीच्या लग्नाचं दूध विकून बसलास?”

बरं, बिनकेकाचंही लग्न लागतं. पण मग फोन आला पाद्रीबाबा क्लेटसचा. “हॉयट, चर्च बंद ठेवतोय.” म्हटलं, “बाबा, पडलाय कुठं?” “पडला नाही रे, पण शक्यता आहे म्हणाला! पायरीवरून कुणी घसरलं तर?” म्हटलं, “मीठ टाकतो, वाळू टाकतो, मी स्वतः आडवा पडतो पायरीवर!” तर म्हणाला, “नको. ग्रेडीनं स्वेटर घातलाय.” शुक्रवारपासूनच शाळा बंद, बँक बंद, कोर्ट बंद! आणि लुरलीन लग्नाचा झगा मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसलेली... “पप्पा, माझं लग्न होणार ना?” आता पोरीला काय सांगू? शक्यता आहे?

शनिवार उजाडला. बर्फ पडला, नाही असं नाही. चिमटीतून पिठीसाखर सांडावी एवढा, गाडीच्या टपावर. बायको कॅमेरा आणायला आत गेली, ती येईपर्यंत तोही गेला. मग असं ऊन पडलं की कुत्रं उठून सावलीला गेलं. आणि त्या उन्हात, चर्चच्या बंद दारासमोर कोण उभं? व्याही! पार उत्तरेतल्या मिनेसोटाहून कंबरभर बर्फातून गाडी हाकत आलेले हाल्व्हर व्याही, हाफ शर्टात, हातात सुनेसाठी फुलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मोठ्या आदबीनं विचारतात, “व्याहीबुवा, गावात साथ आलीय का?”

“नाही हो... बर्फ.”

त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “कुठाय?”

...काय दाखवू? म्हटलं, “शक्यता होती.”

लग्न गेलं एप्रिलवर. आणि एप्रिल म्हणजे आमच्याकडं टोर्नॅडोचे दिवस! छपरं उडतात, ट्रक झाडावर जाऊन बसतात. लग्नाच्या दिवशी ग्रेडी टीव्हीवर घसा फोडतोय, “शक्यता-बिक्यता नाही, वादळ येतंय, येतंय, तळघरात शिरा!” गावाचा भोंगा ठणाणा करतोय. मी कपाळाला हात लावून चर्चला पोचलो. म्हटलं, गेलं पोरीचं हेही लग्न... बघतो तर अख्खा गाव हजर! मिसेस टटवायलर, केकसकट ओपल मावशी, खुद्द पाद्रीबाबा... सगळे चर्चच्या अंगणात, हातात गोड चहाचे ग्लास, माना वर, काळंकुट्ट आभाळ फिरताना बघतायत! व्याही तेवढे एकटे तळघरात. शेवटी नवरा-नवरीला तिथंच नेलं, पाद्रीबाबाला दंडाला धरून खाली ओढलं आणि भोंग्याच्या सुरात लग्न लावलं. व्याही कोपऱ्यातून विचारतात, “बाबा, तुम्हा लोकांना भीती कशी वाटत नाही?”

पाद्रीबाबा म्हणाला, “भ्यायला काय झालं? हा काय बर्फ आहे?”

...आणि तुम्हाला सांगतो, मीही मान डोलावली हो!